'पाण्याबाहेरचा मासा' म्हणजे नेमकं काय?

धरमपेठची लेक
मंडळी, एक शब्द अडलाय. नागपुरात आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून जुना सिनेमा बघतो. या वेळी 'रोमन हॉलिडे' (१९५३) आहे. आईच्या वयाची मंडळीही येतात, म्हणून मी अर्ध्या पानाची मराठी ओळख लिहिते आणि झेरॉक्स काढून वाटते. माणूस आपलं जग सोडून भलत्याच जगात येऊन पडतो, या जातीच्या सिनेमाला इंग्रजीत 'फिश आउट ऑफ वॉटर' म्हणतात. मी सरळ लिहून टाकलं, 'पाण्याबाहेर पडलेल्या माशाची गोड प्रेमकथा'. आईने कागद वाचला आणि विचारलं, "म्हणजे शेवटी मरते का गं ती पोरगी?"

तिचं काहीच चुकलं नाही. आपल्या कानात मासा म्हटलं की तुकोबाच येतात, 'जीवनावेगळी मासोळी । तैसा तुका तळमळी'. तिथे जीव कासावीस झालेला आहे. सिनेमातली राजकन्या मात्र महालातून पळते आणि तेव्हा कुठे मोकळा श्वास घेते. तिच्यासाठी कोणता शब्द लिहू? गुरुवारपर्यंत कागद हवाय.

शुद्धमती
'स्थानभ्रष्ट' आहे की! सुभाषितही पाठ असेल सगळ्यांना, 'स्थानभ्रष्टा न शोभन्ते दन्ताः केशा नखा नराः'. जागेवरून सुटले की दात, केस, नखं आणि माणसं शोभत नाहीत. घरात नेमका शब्द असताना परका मासा कशाला उचलून आणायचा?

महालकर
ताई, शब्द पक्का आहे, पण याच सिनेमात तो उलटतो. केसांचंच घ्या. न्हाव्याच्या खुर्चीत बसून ती बोटाने दाखवते, इथपर्यंत कापा. त्याचा हात धजत नाही, तो पुन्हा पुन्हा विचारतो. मग लांब बटा खाली पडतात आणि आरशात जी मुलगी उरते, तिच्याकडे आज सत्तर वर्षांनंतरही लोक बघत बसतात. ऑड्री हेपबर्नला याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. केस स्थानभ्रष्ट झाले आणि शोभा वाढली! शिवाय 'भ्रष्ट' आता भलतीकडेच ऐकू येतो.

मी 'बुजलेली' म्हणेन. नव्या जागी आलेलं लेकरू आईच्या पदरामागून बघतं, ते बुजलेलं. बुजगावणं त्यातलंच, पाखरं बुजावीत म्हणून उभं केलेलं.

सध्या पुण्यात
बुजगावण्यात 'गाव' आहे असं आमचे आजोबा सांगायचे. गावाने उभं केलेलं, म्हणून.

महालकर
आजोबांचा मान राखून सांगतो, गावाचा काही संबंध नाही. ते शेतात असतं, गावात नाही.

गोंदियाचा पावसाळा
बुजणं आमच्याकडे गोऱ्ह्याचं. मोटारसायकल आली की बुजतो आन् धुऱ्यावरून खाली उतरतो. ही पोरगी कुठी बुजते? औषधाच्या गुंगीत आहे, पत्रकाराच्या इवल्याशा खोलीत पाय ठेवते आणि विचारते, ही लिफ्ट आहे का? बुजलेलं माणूस असं नाही विचारत. खोली इतकी लहान असू शकते हेच तिला ठाऊक नाही. तिची जी गंमत आहे ती भीतीतून येत नाही, न कळण्यातून येते.

आता माशाचं. आमच्या भंडारा-गोंदियाच्या तलावात मरळ सापडते. बाजारात रोहू-कतला घमेल्यात निपचित पडले असतात आणि मरळ बोटभर पाण्यात शेपटी मारून राहिली असते. मी लहानपणी एक घरी आणताना पिशवीतून निसटलेली पाहिली आहे. अंगणातल्या चिखलातून सरपटत ती पार नांदीपर्यंत गेली होती. ती वरची हवा घेते, म्हणून पाण्याबाहेर बराच वेळ टिकते. तुकोबांची मासोळी वेगळी, ही वेगळी. ताई, तुमची राजकन्या मरळ आहे!

धरमपेठची लेक
मरळ फारच आवडली. पण कागदावर 'मरळीची प्रेमकथा' लिहिलं तर आई रस्सा करायला घेईल.

सध्या पुण्यात
'उपरी' का नको?

शुद्धमती
नको. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'नंतर त्या शब्दाला जे वजन आलं आहे ते राजकन्येच्या सुट्टीवर ठेवू नये. शब्द कुणाच्या भोगण्यातून मोठा झालाय हे बघून वापरावा.

महालकर
हे मात्र शंभर टक्के मान्य. त्या सिनेमातला उपरा म्हणायचा तर पडद्यावर नाही, पडद्यामागे आहे. कथा डाल्टन ट्रम्बोची, पण तो हॉलिवूडच्या काळ्या यादीत, म्हणून नाव लागलं मित्राचं, इयान मॅकलेलन हंटरचं. कथेचं ऑस्करही त्या नावावर गेलं. ट्रम्बो १९७६ मध्ये वारला आणि ते ऑस्कर त्याच्या बायकोच्या हाती आलं १९९३ मध्ये. स्वतःच्या जागेतून हाकललेल्या माणसाने जागा सोडून पळणाऱ्या मुलीची इतकी हलकीफुलकी गोष्ट लिहिली, याचं मला दर वेळी भरून येतं.

सध्या पुण्यात
मग आपलं 'गमत नाही' घ्या ना! मी कॉलेजला पुण्यात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात खोलीतल्या मैत्रिणीला म्हटलं, "मले इथं गमत नाही." ती म्हणाली, "अगं, गंमत यायला थोडे दिवस लागतात." मी अर्धा तास रडत होते आणि ती मला सारसबागेत न्यायचा बेत करत होती.

शुद्धमती
प्रमाण मराठीत 'करमत नाही'. 'गमत' बोलीतलं.

गोंदियाचा पावसाळा
बोलीतलं म्हणजे कमी का? जुन्या कवितेत 'मज गमे' पानोपानी आहे.

शुद्धमती
त्या 'गमे'चा अर्थ 'वाटे' असा आहे. मन न रमणं वेगळं. दोन्ही एकच म्हणायचं असेल तर दाखला द्या. बोलीला कमी मी म्हटलं नाही. छापील कागदावर सगळ्यांना कळेल ते लिहावं, एवढंच माझं म्हणणं.

महालकर
नागपुरात वाटायचा कागद आहे ताई. नागपूरकरांना कळलं की झालं.

कूलरचं पाणी
मी इथे फारसं लिहीत नाही, आज राहवलं नाही. आमची ही मालवणची. लग्न होऊन मे महिन्यात नागपूरला आली. पहिल्या रात्री कूलर लावला तर उठून बसली, पाऊस आला म्हणून खिडकीशी गेली. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी ठिबकत होतं, त्याचा वास घेत बराच वेळ तिथेच उभी राहिली. बाजारातून कतला आणला तर म्हणाली, याला मिठाची आठवणसुद्धा नाही. सावजी रश्शाचा पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी; मला कळेना, तिखटाचं की माहेराचं. त्या दिवसांत ती एकदाही 'करमत नाही' म्हणाली नाही. आमच्या आईला वाईट वाटेल म्हणून.

तिसऱ्या वर्षी गणपतीला माहेरी गेली. समोर समुद्र, ताटात बांगडा, सगळी भावंडं घरात. चौथ्या दिवशी फोन आला, "अहो, मला इथे गमत नाही हो."

'गमत' म्हणाली. तिच्या आईने मागून विचारलेलं मला फोनवर ऐकू आलं, "काय नाही म्हणतेस?"

धरमपेठची लेक
काका, हे वाचून मी सिनेमाची सुरुवात पुन्हा लावली. दरबारात पाहुण्यांची रांग चालली आहे आणि झग्याआड तिचा पाय चपलेतून हळूच बाहेर येतो. चप्पल आडवी पडते. ती पायाने चाचपडते, सापडत नाही, चेहरा मात्र हसतमुख. म्हणजे मासोळीची तळमळ इथेच आहे, महालात, पाण्याच्या आत! मी उलटीकडून शब्द शोधत होते. आणि शेवटी पत्रकारांसमोर तीच मुलगी स्वतःच्या पायांनी परत उभी राहते, तेव्हा ती कुठली म्हणायची?

शुद्धमती
तरीही 'स्थानभ्रष्ट' चुकीचा ठरत नाही. भ्रष्ट स्थान कोणतं, एवढाच प्रश्न उरतो.

गोंदियाचा पावसाळा
मरळ.

सध्या पुण्यात
काका, मालवणात त्या वाक्याचं पुढे काय झालं? आईंना कळलं का?

कूलरचं पाणी
हिने समजावून सांगितलं म्हणे. आता सासूबाईपण म्हणतात, पण 'घमत' म्हणतात.

महालकर
'घमत'! हा उच्चार आणखी कुणी ऐकला आहे का? आमची एक आत्या असंच म्हणायची, आणि ती तर कामठीची होती.