लाकडी रॅकेटबरोबर नेटवरचं टेनिसही गेलं का?

पंचवटीकर:
काल गंगापूर रोडच्या कोर्टवर सोळा वर्षांच्या पोराशी खेळलो. सर्व्हिस टाकून नेटकडे पळालो, तर त्याचा बॉल नेटवरून हातभर उंच आला आणि ऐनवेळी खाली बसला, थेट माझ्या बुटांपाशी. टप्पा पडायच्या आत हवेतच मारायची ती व्हॉली कसली, वाकून कसाबसा उचलला. सहा-एक हरलो. आता हरलेला माणूस कारणं शोधतोच, पण माझ्या मते ही करामत पोराची कमी, गटिंगची, म्हणजे रॅकेटच्या तारांची, जास्त. पॉलिएस्टरच्या तारा बॉल लागला की सरकतात आणि झटक्यात जागेवर येतात. त्यातून जबर टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेनं फिरकी, मिळतो आणि बॉल झपकन खाली येतो. 1997 मध्ये ब्राझीलचा कुएर्टेन याच तारांवर फ्रेंच ओपन जिंकला, मग सगळे बेसलाइनला, कोर्टच्या मागच्या रेषेला, चिकटले. आपल्या रमेश कृष्णनसारखा हळुवार हात आता कोण कमावणार?

सिडकोचा बॅकहँड:
काका, स्वीडनच्या बोर्गला विसरलात? लाकडी रॅकेट, तारा ऐंशी पौंडांच्या आसपास ताणलेल्या, तरी टॉपस्पिनवर सहा फ्रेंच ओपन! नेटवरचा खेळ गवतानं घालवला. 2001 पासून विम्बल्डनला नुसतं रायग्रास जातीचं गवत आहे, बॉल उंच उसळतो, मागून मारायला सोपा. 2002 च्या फायनलला ह्युइट आणि नालबँडियन, दोघंही बेसलाइनवाले.

पंचवटीकर:
त्याच बोर्गला विम्बल्डनला सर्व्हिसमागोमाग नेटवर जावं लागायचं की! आणि 1991 मध्ये तो लाकडी रॅकेट घेऊन मॉन्टे कार्लोला परतला, तेव्हा स्पेनच्या अरेसेनं पहिल्याच मॅचला घरी पाठवला.

गटिंगवाला:
दोघंही फ्रेम विसरताय. लाकडी रॅकेटचं डोकं साधारण 65 चौरस इंच, 1976 ची प्रिन्स कंपनीची मोठी रॅकेट 110. बॉल मधोमध नाही लागला तरी पलीकडे जातो, म्हणून तर पोरं बिनधास्त झोडतात. आणि एक विनंती, दहा वर्षांच्या मुलांना पॉली, म्हणजे पॉलिएस्टरच्या तारा, घालून मागू नका हो. तार कडक, कोपर दुखतं. मी नाही म्हणतो, तर पालक दुसऱ्या दुकानात जातात.

सिडकोचा बॅकहँड:
काका, रविवारी सातला या. दोघंही लाकडी रॅकेटनं खेळू, एक सेट. तुमच्याकडे दोन आहेत म्हणे?

पंचवटीकर:
आहेत. माळ्यावर.

गटिंगवाला:
प्रेसमध्ये, त्या रॅकेट वाकू नये म्हणूनच्या चौकटीत, आवळून ठेवल्या होत्या ना? नाशिकच्या पावसाळ्यात लाकूड पीळ खातं.

पंचवटीकर:
एकच प्रेस होती. चांगली रॅकेट माझी.