काना गावच्या लग्नातल्या गड्याची गोष्ट: कल्पनेला कुठवर मोकळीक?

गोराईकर:
नमस्कार मंडळी. बायबलातल्या योहानच्या शुभवर्तमानात काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपतो आणि येशू पाण्याचा द्राक्षारस करतो, त्या प्रसंगावर कथा लिहितोय. नायक आहे पाणी भरणारा गडी. दगडी रांजण सहा, एकेकात अंदाजे ८० ते १२० लिटर मावणार. काठोकाठ भरायचे म्हणजे जवळजवळ ५०० लिटर तरी पाणी. पाहुणे पंगतीला बसलेले असताना कुणीतरी विहिरीवर चाळीस-पन्नास खेपा घातल्या असतील, दोर काचून तळवे सोलवटले असतील. आणि पुढे योहान लिहितो की द्राक्षारस कुठून आला हे मेजवानीच्या कारभाऱ्याला कळलं नाही, पाणी काढणाऱ्या गड्यांना मात्र ठाऊक होतं. त्या एका ओळीपायी मी लिहायला बसलो.

आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडच्या मूळ ख्रिस्ती समाजाच्या, लग्नात आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात. ते लहानपणापासून पाहिल्यामुळे विहिरीचा प्रसंग भराभर उतरला. पण चर्चमधल्या एका ज्येष्ठांनी मसुदा वाचून सांगितलं, "बाळा, बायबलात नाही ते लिहू नये." त्यांचा शब्द मला मोडवत नाही आणि गडीही सोडवत नाही. तुम्ही काय म्हणाल?

मडगावची बाय:
लिही रे बाबा. जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नासच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात येशूजन्माचं मनन कसं करायचं ते वाच. नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता डोळ्यांपुढे आणा, तो लांब किती, रुंद किती, सपाट की चढउताराचा, असं तो सांगतो. मरिया-योसेफांबरोबर एक दासीही बघायला लावतो, जी लूकच्या शुभवर्तमानात कुठेच नाही! वर म्हणतो, तुम्ही स्वतः गरीब सेवक होऊन तिथे उभे राहा, त्यांची सेवा करा. तुझा गडी याहून वेगळं काय करतो?

याच शिस्तीत वाढलेला जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. इथल्या नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती, कानाला ओवीची सवय तशीच होती. त्याने त्याच ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, १६१६ मध्ये गोव्यातच राशोलला छापलं. दहा हजारांवर ओव्या आहेत. नुसती माहिती द्यायची असती तर छोटी प्रश्नोत्तरी पुरली असती. गोष्ट ऐकताना माणूस त्या जागी जाऊन उभा राहतो, म्हणून पुराण हवं होतं.

नगरकर:
बायचं पटतं. नाताळच्या गोठ्यातले बैल आणि गाढवही लूकच्या वृत्तांतात नाहीत, तिथे फक्त गव्हाण आहे. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरे बैल-गाढव उभे केले, आपण आजही मांडतो.

पण त्या ज्येष्ठांची काळजी मला खरी वाटते. बाळ येशूने मातीच्या चिमण्या उडवल्याच्या कथा जुन्या काळीच लिहिल्या गेल्या, चर्चने त्या शुभवर्तमानांत घेतल्या नाहीत. माझं मत असं: गड्याची विहीर, त्याची बायको, त्याचा थकवा, सगळं तुझं. प्रभूच्या तोंडी मात्र योहानने दिलं तेवढंच ठेव. नवा चमत्कार घालू नकोस, नवं वचनही नको.

गोराईकर:
नगरकर, हे थेट कामाचं. मसुद्यात प्रभू गड्याशी चार वाक्यं बोलतो, त्यातलं "रांजण पाण्याने भरा" एवढंच ठेवतो. बाकीची तीन गड्याला आपल्या बायकोशी बोलू देतो, रात्री घरी गेल्यावर. ती विश्वास ठेवत नाही, हेही आत्ता लिहिता लिहिताच सुचलं. आणखी एक: रांजण कुठल्या दगडाचे असतील?

मडगावची बाय:
चुनखडीचे धर. यहुदी नियमाने दगडी भांडं विटाळत नाही, म्हणून शुद्धीच्या पाण्याला तेच वापरत. नाझरेथजवळ रेइनाला अशी भांडी घडवण्याची जागा उत्खननात सापडली, २०१७ मध्ये ती बातमी आली होती. बायकोचा प्रसंग झाला की इथे टाक.