मिशन ट्रिपहून परतलेय, रविवारी मंडळीसमोर साक्ष द्यायचीय. सांगू काय?

शलोमी

जय ख्रिस्त सगळ्यांना.

मी २३ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात आमच्या तरुण संघाचे आम्ही नऊ जण तीन आठवडे आफ्रिकेतल्या मलावीला जाऊन आलो. या ट्रिपसाठी मी वर्षभर प्रार्थना करत होते. नवी डायरी घेतली होती आणि पहिल्याच पानावर लिहिलं होतं, "प्रभू, तिथे तरी माझ्याशी बोल."

तो बोलला नाही. निदान मला काही ऐकू आलं नाही.

बाकीच्या आठ जणांचं तसं नव्हतं. रोज रात्री आम्ही गोल करून बसायचो आणि दिवसभरात देवाने काय केलं ते एकेकाने सांगायचं. कुणी रडायचं, कुणी नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत यायचा निर्णय सांगायचं. माझी पाळी आली की मी म्हणायचे, "आज मुलांबरोबर छान वेळ गेला," आणि खाली बघायचे. अकराव्या रात्री डोकं दुखतंय असं खोटं सांगून मी लवकर मच्छरदाणीत शिरले. बाहेर गाणी चालली होती. सगळी गाणी मला पाठ आहेत. पण त्या रात्री एकही ओठांवर येईना.

दुसरी गोष्ट मुलांच्या सभेची. शेवटी ज्यांना येशूला स्वीकारायचंय त्यांना हात वर करायला सांगायचे आणि ते मोजायचे, हे काम माझ्याकडे होतं. चार दिवसांचा आकडा झाला १४३. पण पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी, तिच्या खांद्याची शिवण उसवलेली होती म्हणून ती माझ्या नीट लक्षात राहिली, तिने चारही दिवस हात वर केला आणि मी तिला चारही दिवस मोजलं. शिवाय ही मुलं आम्ही यायच्या आधीपासून मंडळीत येणारीच. मलावीत तीन चतुर्थांशांहून जास्त लोक ख्रिस्तीच आहेत. स्कॉटलंडचे मिशनरी मलावी सरोवराकाठी १८७५ साली आले, आणि आम्ही ज्यांच्या मंडळीत उतरलो होतो त्यांची चर्च १९२४ पासून एका छत्राखाली आहे. मी तिथल्या पाळकांना धीर करून विचारलं. ते हसले आणि इतकंच म्हणाले, "मुलांना पाहुण्यांना आनंद द्यायला आवडतं."

आता रविवारी मला पाच मिनिटं आहेत. आमच्या लीडरची अपेक्षा आहे की १४३ चा आकडा मी सांगावा, कारण तो मीच मोजला. ज्यांनी पैसे दिले, उपास केले, ते सगळे समोर बसलेले असणार. खोटं बोलवत नाही आणि खरं सांगितलं तर वाटतं, त्यांचा विश्वासघात होईल. तुमच्यापैकी कुणी असं कोरडं परतलंय का? काय सांगितलंत?

दीपस्तंभ

शलोमी, तू हे लिहिलंस ते बरं केलंस. मी मात्र हे कुणाला विचारलं नाही, त्याची गोष्ट सांगतो.

मी २४ वर्षांचा असताना अशाच ट्रिपहून आलो. एका घरी आम्ही आजारी माणसासाठी प्रार्थना केली होती. तो बरेच दिवस अंथरुणाला खिळलेला. प्रार्थना झाल्यावर तो उठून बसला, आम्हाला हात जोडले, पाणी मागितलं. एवढंच झालं, आणि एवढंही खूप होतं. पण मंडळीसमोर उभा राहिलो, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या तोंडून गेलं, "तो उठला आणि चालायला लागला." एकच वाक्य. सगळी मंडळी "हालेलूया" म्हणाली.

उपासना संपल्यावर एक बाई माझी वाट बघत दाराशी थांबल्या होत्या. त्यांचे यजमान दोन वर्षं अंथरुणावर होते. म्हणाल्या, "बाळा, त्या माणसासाठी केलीस तशीच प्रार्थना आमच्याकडे येऊन कर." मी गेलो. प्रार्थना केली. यजमान उठले नाहीत. बाईंनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही, पण त्यांना वाटलं की आपल्याच विश्वासात काही कमी आहे. हे मला नंतर कळलं. त्या गेल्या तोवर मी त्यांना खरं सांगितलेलं नव्हतं. ते अजून माझ्या छातीवर आहे.

म्हणून १४३ सांगू नकोस. त्या आकड्यावर विसंबून उद्या कुणीतरी काहीतरी ठरवेल.

कोरडेपणाबद्दल म्हणशील तर बायबलमधल्या योहान मार्ककडे बघ. पौल आणि बर्णबा या प्रेषितांबरोबर तो सुवार्ता सांगायच्या पहिल्याच फेरीला निघाला आणि पंफुलियातल्या पिर्गाहून घरी परतला. का, ते प्रेषितांच्या कृत्यांत दिलेलंच नाही. पुढे त्याच्यावरून त्या दोघांचं इतकं बिनसलं की त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आणि शेवटी तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना पौल त्याच मार्कला घेऊन यायला सांगतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. मधली वर्षं कशी गेली ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला ती न लिहिलेली वर्षं फार धीर देतात.

मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचंही तेच. १७३५ साली तो मिशनरी म्हणून जहाजाने अमेरिकेत जॉर्जियाला निघाला. वाटेत वादळात तो मरणाला घाबरला, आणि त्याच जहाजावरचे मोरेव्हियन पंथाचे ख्रिस्ती लोक मात्र शांतपणे स्तोत्रं गात राहिले. जॉर्जियात त्याची सेवा फसली, तो हताश होऊन परतला आणि त्याने स्वतःच्या रोजनिशीत कबूल केलं की मी दुसऱ्यांचं परिवर्तन करायला गेलो, पण माझं कोण करणार? लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या छोट्या सभेत त्याचं अंतःकरण पेटलं ते नंतर, २४ मे १७३८ ला.

नर्समावशी

बाळ शलोमी, मी आधी वेगळंच विचारते. मलेरियासाठी तू कुठली गोळी घेतलीस? आठवड्यातून एकदा घ्यायची होती का?

ती मेफ्लोक्विन असेल तर माझं नीट ऐक. त्या औषधाने काही जणांना झोप लागत नाही, भयंकर स्वप्नं पडतात, जीव घाबरा होतो, मन एकदम खाली जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली त्यावर सर्वांत कडक दर्जाचा इशारा छापायला लावला. ही गोळी प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करतात आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवतात. म्हणजे कदाचित तू अजूनही घेत असशील. मनाने बंद करू नकोस, पण आजच डॉक्टरांना फोन करून ही लक्षणं सांग. त्यांना दुसरी गोळी देता येते.

देव बोलला नाही याला गोळी कारण आहे असं मी म्हणत नाही. पण बायबलमधला एलीया संदेष्टा रोतेमाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी खायला दिलं आणि झोपू दिलं, बोलणं नंतर झालं. शरीर देवानेच दिलंय, त्याचीही विचारपूस करावी लागते. मी इतकी वर्षं मिशनच्या टीम जाताना-येताना बघतेय. परतल्यावर सगळे त्यांना फोटो मागतात, झोप लागते का असं कुणी विचारत नाही.

आणि पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर अंगावर काढू नकोस. त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासून घे आणि मलावीला गेले होते हे न विसरता सांग.

डेकवरचा

मी थोडा वेगळा बोलणार आहे, शलोमी, राग मानू नकोस.

मी दोन वर्षं पुस्तकांच्या एका मिशन जहाजावर डेकवर काम केलं. गंज खरवडायचा, रंग लावायचा, दोरखंड ओढायचे. घरी असताना मी आईबाबांचा विश्वास जगत होतो. तिथे पहाटे चार ते आठच्या वॉचला एकटा उभा असताना, चारी बाजूंना नुसतं काळं पाणी, मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांत प्रार्थना केली. आणि तो तिथे होता. मला हे याहून चांगलं सांगता येत नाही. माझे गुडघे खरोखर टेकले, लोखंडावर. हे मी कुणाला दाखवायला केलं नाही, बघायला कुणी नव्हतंच.

म्हणून एवढंच म्हणतो, रात्री रडणाऱ्या तुझ्या आठ जणांना खोटं समजू नकोस. त्यांच्यातल्या काहींचं अगदी खरं असेल. आकड्याबद्दल मात्र दीपस्तंभदादांशी शंभर टक्के सहमत. आणि एक विचारू? तीन आठवड्यांत एकही गोष्ट अशी नाही का, जी डोळे मिटले की अजून दिसते? देवाचं सोड. नुसती गोष्ट.

शलोमी

मावशी, हो. आठवड्याचीच गोळी होती, दर रविवारी. दोन अजून शिल्लक आहेत. आणि स्वप्नं... मला वाटायचं माझ्या मनातच काही वाईट आहे. काल डॉक्टरांशी बोलले, त्यांनी औषध बदललंय. इतके दिवस मी त्यासाठी फक्त पश्चात्ताप करत बसले होते.

दीपस्तंभदादा, तुमची गोष्ट मी आईला वाचून दाखवली. आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

डेकवरच्या भावा, राग नाही. त्या आठ जणांबद्दल तू म्हणतोस ते खरं आहे, माझ्या लिहिण्यात तेवढी कटुता आली होती. आणि हो, एक गोष्ट आहे.

शेवटच्या आठवड्यात वाचायच्या चष्म्यांचं शिबिर होतं. माझ्या टेबलावर +१ पासून +३ पर्यंतचे चष्मे डब्यांत लावलेले, आणि अक्षरं लहान लहान होत जातात तो तक्ता. एक आजी आल्या. तिथे आजीला अगोगो म्हणतात. तक्त्याकडे त्यांनी बघितलंच नाही. कापडात गुंडाळलेलं स्वतःचं, तिथल्या चिचेवा भाषेतलं बायबल काढलं, पुस्तकाची पाठ सुतळीने शिवलेली, आणि ते माझ्यापुढे उघडलं. +१.५ दिला, मान हलवली. +२ दिला, पुन्हा नाही. +२.५ घातला आणि त्यांचं बोट पानावर थांबलं. पानाच्या वर मला "मसालिमो १२१" दिसलं, म्हणजे स्तोत्र १२१. बोट सरकायला लागलं. आधी पुटपुटत, मग मोठ्याने. मला वाटलं एक ओळ वाचून थांबतील. त्या थांबल्या नाहीत. स्तोत्र संपलं, पान उलटलं, पुढचं सुरू. मागे तीस-चाळीस माणसांची रांग होती, उन्हात. कुणी एक शब्द बोललं नाही. रांगेतला एक म्हातारा तर त्यांच्याबरोबर पाठ म्हणायला लागला.

मग त्यांनी बायबल मिटलं, दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले आणि प्रार्थना केली. मला त्यातले "आंबुये" म्हणजे प्रभू, "येसू" आणि "आमेन" एवढेच शब्द कळले. तेव्हाही मला आत काही झालं नाही, हे खरं सांगते. मी फक्त हलले नाही. पुढच्या माणसाला बोलवायचं भान राहिलं नाही. मोजायला कुणी सांगितलेलं नव्हतं म्हणून डायरीत हे लिहिलंही नव्हतं.

काल लीडरला सांगितलं की आकडा मी सांगणार नाही, आणि का ते पिवळ्या फ्रॉकसकट सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, अहवालात तो आकडा आधीच गेलाय, आपण दोघं मिळून दुरुस्तीचं पत्र लिहू. मला त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती, आणि त्याच्याबद्दल मी आधी जे मनात धरलं होतं त्याबद्दल मी त्याची क्षमा मागितली.

रविवारी अगोगोंची गोष्ट सांगणार आहे आणि स्तोत्र १२१ मराठीत वाचणार आहे. ते डोळे वर करण्यापासूनच सुरू होतं, हे मला काल रात्री वाचताना लक्षात आलं. मला काही जाणवलं नाही, हेही सांगणार. ते सांगताना आवाज कापेल. तेवढ्या पाच मिनिटांसाठी प्रार्थना करा.