गीझर लावला की सोप्यातली लाईट वाढते, नळाला झिणझिण्या येतात. भाड्याचं घर आहे, काय तपासावं?

माडीवरची, शहापूर
नमस्कार. बेळगावच्या शहापुरात एका जुन्या घराच्या माडीवर आम्ही भाड्याने राहतो. खाली पूर्वी माग होते, ते बंद झाले, आता तिथे घरमालक राहतात. गणपतीच्या आधीपासून लाईटचा विचित्र त्रास चालू आहे. सकाळी गीझर लावला की स्वयंपाकघरातला दिवा मंद होतो आणि त्याच वेळी पुढच्या सोप्यातला बल्ब लख्ख पेटतो, फॅन जोरात फिरायला लागतो. गीझर बंद केला की परत सगळं जागेवर. पाऊस असला की जास्तच. सोप्यातला टीव्हीचा सेट टॉप बॉक्स जळाला, मग मोबाईलचा चार्जर. आणि न्हाणीतल्या नळाला ओला हात लावला तर झिणझिण्या येतात, धाकटा तर आता न्हाणीत एकटा जात नाही.

एक वायरमन होल्डर बदलून गेला, दुसऱ्याने फॅनचा रेग्युलेटर बदलला. फरक शून्य. घरमालक म्हणतात स्टॅबिलायझर घ्या. कुठून सुरुवात करायची सांगा की कुणीतरी.

अनगोळकर
आमच्याकडेही संध्याकाळी व्होल्टेज पडतं. टीव्हीला आणि फ्रिजला स्टॅबिलायझर लावून टाका ताई, सुटेल प्रश्न.

उद्यमबाग मेंटेनन्स
अनगोळकर, तुमचं दुखणं वेगळं आणि ताईंचं वेगळं. व्होल्टेज पडलं तर सगळ्या घरात पडतं. इथे एका खोलीत पडतंय आणि त्याच क्षणी दुसऱ्या खोलीत चढतंय. असं झालं की माझा पहिला संशय न्यूट्रलवर, म्हणजे वीज ज्या वायरने परत जाते तिच्यावर.

ताई, आधी हे करा, बाकीचं मग वाचा: गीझरचा प्लग काढून ठेवा. सोप्यातला टीव्ही आणि असेल तर फ्रिज, त्यांचेही प्लग काढा. बंब किंवा गॅसवर पाणी तापवा चार दिवस.

आता कारण. खाली माग होते म्हणजे घरात थ्री फेज लाईन आलेली असणार, वीज आणणाऱ्या तीन वेगळ्या वायरी, एकेक वायर म्हणजे एक फेज. माग गेले, लाईन राहिली. माझा अंदाज, तुमचा सोपा एका फेजवर आहे, स्वयंपाकघर आणि न्हाणी दुसऱ्या फेजवर, आणि दोघांना मिळून न्यूट्रल एकच. न्यूट्रल घट्ट असेल तोवर दोन्हीकडे 230 व्होल्ट. तो कुठेतरी सैल झाला की दोन्ही खोल्यांतली उपकरणं दोन फेजच्या मध्ये एकामागे एक जोडल्यासारखी होतात, आणि दोन फेजमध्ये 400 व्होल्ट असतात. ज्या बाजूला गीझरसारखा मोठा लोड, तिथलं व्होल्टेज पडतं. ज्या बाजूला एक बल्ब आणि एक फॅन, तिथे चढतं. न्यूट्रल पूर्ण तुटला तर सोप्यात 300 च्या वरही जाऊ शकतं. सेट टॉप बॉक्स त्यातच गेला असणार.

कुणाकडे मल्टिमीटर असेल तर दोन्ही खोल्यांच्या प्लगमध्ये व्होल्टेज बघायला सांगा, एकदा गीझर बंद असताना, एकदा क्षणभर चालू करून. त्या वेळी न्हाणीत कुणी नको. बोर्ड उघडू नका, नुसते प्लगचे दोन होल पुरेत.

माडीवरची, शहापूर
दादा, शेजारच्या आयटीआयच्या मुलाने मोजलं. गीझर बंद असताना दोन्हीकडे 230 च्या आसपास. चालू केला की स्वयंपाकघरात 190, सोप्यात 268. त्याने लगेच बंद केला. नळाचं काय पण? गीझर नवा आहे, आमचाच.

खासबागचा वायरमन
वरच्या दादांचं बरोबर आहे. 268 म्हणजे न्यूट्रल सैल, यात दुमत नाही. नळाचं मी सांगतो.

या भागात मागाच्या घरांवर माड्या चढल्या तेव्हा वर अर्थिंगची वायर कुणी नेलीच नाही. मग थ्री पिन प्लगमध्ये वरचं मोठं होल रिकामं दिसू नये म्हणून आतल्या आत न्यूट्रलला तुकडा जोडून देतात. टेस्टरवर सगळं ठीक दिसतं. पण गीझरची बॉडी त्या पिनला, पिन न्यूट्रलला, आणि न्यूट्रल सैल. तुमच्या आकड्यांवरून गीझर चालू असताना न्यूट्रल आणि जमीन यांच्यात चाळीस-पन्नास व्होल्ट येत असणार. तेच गीझरच्या बॉडीवर आणि पाण्यातून नळावर. तो न्यूट्रल पूर्ण सुटला तर झिणझिण्या राहणार नाहीत, थेट 230 चा झटका बसेल. ओल्या न्हाणीत तो जीव घेतो. म्हणून गीझरचा प्लग काढा म्हणाले ते अगदी मनावर घ्या.

वायरमन आला की त्याला होल्डर-बटणं बघायला लावू नका. मेन बंद करून थेट खालच्या जुन्या लोखंडी मेन स्विचपाशी न्या. तिथे न्यूट्रलची पट्टी बघायची, न्यूट्रललाही किटकॅट फ्यूज (चिनी मातीचा, ओढून काढायचा) बसवला असेल तर तो बघायचा, आणि जुनी ॲल्युमिनियमची वायर नव्या तांब्याच्या वायरला नुसती पीळ मारून टेप लावून जोडली असेल तर तो जोड बघायचा. ॲल्युमिनियम-तांब्याचा जोड ओलीत खराब होतोच. काळं पडलेलं प्लास्टिक, जळका वास, पांढरट भुकटी, यातलं काही ना काही दिसेल. दोष मीटरच्या अलीकडे, खांबावर किंवा सर्व्हिस वायरला निघाला, तर हात लावू नका, 1912 ला हेस्कॉमकडे, म्हणजे वीज कंपनीकडे, तक्रार नोंदवा. मीटरच्या पुढचं काम घरमालकाचं.

भाडेकरू, हिंदवाडी
मध्येच विचारतो, माफ करा. आमचा मीटर वेगळा, माणसं दोन. तरी युनिट 200 च्या वर जातात, मग गृहज्योतीचा (सरकारच्या मोफत वीज योजनेचा) फायदा जातो आणि पूर्ण बिल येतं. वायरिंगमध्ये काही असू शकतं का?

उद्यमबाग मेंटेनन्स
असू शकतं. आपला मेन स्विच पूर्ण बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा दिवा बघत पाच मिनिटं उभे राहा. तरी लुकलुकला तर मीटर आणि तुमच्या मेनच्या मधून कुणीतरी जोड घेतलाय. बहुतेक वेळा जिन्याचा दिवा किंवा बोअरची मोटर निघते, आणि घरमालकालाही ठाऊक नसतं. दिवा थांबला तर मेन चालू करून एकेक एमसीबी (प्रत्येक लाईनचा छोटा स्विच) वर करत जा, कुठल्या लाईनवर पळतोय ते कळेल. काहीच चालू नसताना पळत असेल तर ती गळती, ती लाईन बंद ठेवून वायरमन बोलवा.

वडगावची ताई
माडीवरची, घरमालकांशी बोलताना "वायरिंग करून द्या" म्हणू नका, नवं वायरिंग म्हटलं की ते खर्चाला घाबरतात. "तुमच्याही घरात तोच न्यूट्रल आहे, तुमचा टीव्ही जळेल आधी" असं सांगा. आकड्यांचा फोटो दाखवा. मी भांडून बघितलंय आणि दाखवूनही बघितलंय, दाखवलेलं चालतं.

माडीवरची, शहापूर
फोटो दाखवला, मालक स्वतः खाली घेऊन गेले. न्यूट्रलचा जोड टेपच्या आत पूर्ण काळा निघाला. तो कापून नवा केला, पट्टी बदलली. आता गीझर लावला तरी दोन्हीकडे 225 च्या वर. आंघोळीला परत गीझर चालू करू का?

खासबागचा वायरमन
नको. न्यूट्रल झाला, अर्थिंग अजून नाही. प्लगमधला तो तुकडा आधी काढायला लावा आणि खालून वेगळी हिरवी वायर वर न्यायला सांगा. अर्थिंगचा खड्डा जुना असेल तर त्याची पाईप गंजली का बघा. कोळसा-मीठ नव्याने भरून घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा, आपली तांबडी माती कोरडी पडते.

आणि मेनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, म्हणजे विजेची गळती झाली की आपोआप पडून लाईन तोडणारा स्विच. बसवल्यावर तो सारखा पडायला लागला तर वायरमन म्हणेल हा खराब आहे, काढू या. काढू देऊ नका. न्यूट्रल-अर्थिंगचा असा तुकडा आणखी कुठल्या तरी बोर्डात राहिला असेल, तो मिळेपर्यंत एकेक बोर्ड उघडून बघायला लावा. सगळे निघाले, आरसीसीबीचं टी (टेस्ट) बटण दाबून तो पडतोय याची खात्री झाली, की मग गीझर लावा.