कोडातल्या ओळीचा पत्ता: स्वतःची यूआरआय स्कीम काढावी की नाही?

वावरातला_प्रोग्रामर
घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर आम्ही चौघं सांभाळतो. दोघं गावात, एक वर्ध्याला, एक नागपूरला. वजन, ओलावा, चुकारे, सगळं त्यात. कोडाची नोंदवही मराठीत ठेवतो: "ओलाव्याची कपात, अमुक फाईल, ओळ २१२." मागच्या हंगामात त्याच फाईलच्या वरच्या भागात कोणीतरी तीसेक ओळी घातल्या. नव्या पोराने नोंद वाचून २१२वी ओळ उघडली. तिथे आता हमालीचा हिशेब होता, त्याने तोच बदलला. दोन दिवसांचे चुकारे चुकले. लोक दारात आले आणि त्यांचं बरोबर होतं.

म्हणून माझं म्हणणं, सोर्स कोडकडे बोट दाखवायला आपली स्वतःची यूआरआय स्कीम हवी. स्कीम म्हणजे लिंकच्या सुरुवातीचा https सारखा शब्द, लिंक कशाने उघडायची ते त्यावरून ठरतं. आधी स्कीमचं नाव, मग प्रकल्प, कमिट (गिट हे साधन कोडाच्या आवृत्त्या जपतं, त्यातली एक आवृत्ती), फाईल, आणि शेवटी ओळीऐवजी फंक्शनचं, म्हणजे कोडातल्या त्या तुकड्याचं, नाव. क्लिक केलं की लॅपटॉपवरची छोटी स्क्रिप्ट बघेल, हा प्रकल्प या मशीनवर कुठल्या फोल्डरात आहे, आणि एडिटर उघडेल. व्हीएस कोड या एडिटरची स्वतःची स्कीम ओळीपर्यंत नेते, पण तिच्यात डिस्कवरचा पूर्ण मार्ग लिहावा लागतो. माझा डी ड्राइव्ह वर्ध्याच्या मुलीच्या लिनक्सवर कुठून येणार?

वेब लिंक नको, कारण आमच्याकडे लाईन गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. गिटचा सगळा इतिहास तर माझ्याच डिस्कवर आहे. घरच्या कणगीतले दाणे पाहायला तालुक्याला का जायचं?

धुरेकरी
माझा विरोध आहे. ही लिंक व्हॉट्सॲपवर टाकली तर निळी होणार नाही, नुसता मजकूर राहील. फोनवर उघडणार नाही. नव्या माणसाच्या मशीनवर आधी विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंद नाहीतर लिनक्सवर डेस्कटॉप फाईल, तेव्हा कुठे ती चालेल. नव्या स्कीम कशा काढाव्या हे सांगणारा २०१५ चा आरएफसी ७५९५ आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती लिहिलेले क्रमांकित दस्तऐवज). तोही हेच म्हणतो की आहे त्यात भागत असेल तर नवी काढू नका. काढायचीच तर आखूड नाव अडवून बसू नका. खासगी वापरासाठी उलटं डोमेन नाव घ्या, म्हणजे दुसऱ्याशी टक्कर होत नाही.

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर फाईल उघडून कीबोर्डवर वाय दाबलं की कमिटसकट लिंक मिळते, ती हलत नाही. तुमच्या नोंदीत कमिट नव्हतं, घोटाळा तिथे झाला.

वावरातला_प्रोग्रामर
हलत नाही कशी? अशाच कोड ठेवायच्या साइट, गूगल कोड जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं, गिटोरियस त्याच्या आदल्या वर्षी. वावर गट नंबरावरून सापडतं. विकलं तर फेरफार होतो, सातबाऱ्यावर मालक बदलतो, गट तोच राहतो. वेब पत्त्यात सगळ्यात आधी मालकाचंच नाव येतं, माझा आक्षेप त्याला आहे.

पऱ्हाटी
गट नंबराचं सांगता भाऊ, पन पोटहिस्से पडतातच ना? भावाभावात वाटनी झाली का १४३ चे १४३/१ आन १४३/२ होतात. फाईल फोडून दोन केल्या तं तुमचा पत्ता कोनत्या तुकड्याले लागू होईन? मले वाटते भांडन स्कीमचं नाईच, ओळीचं हाय. साध्या मजकुराच्या फाईलीतली ओळ दाखवाची रीत २००८ च्या आरएफसी ५१४७ मंदी देलीच हाय. मजकुराचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला ठसा) बी संग जोडता येते, म्हंजे फाईल बदलली असन तं कळते. फक्त ध्यान ठेवा, त्याच्यात ओळी नाई, ओळींमधल्या फटी मोजतात. "१०,२०" म्हंजे अकरावीपासून विसावीपर्यंत.

राखणदार
मी स्कीमच्या बाजूने आहे, पण स्क्रिप्ट आधी दाखवा. स्कीम मशीनवर चढली की कुठलंही वेब पान तिला हाक मारू शकतं. ब्राउझर विचारतो, लोक न वाचता हो म्हणतात. आलेला मजकूर तसाच शेलकडे, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, दिला तर लिंकमधून कोणीही आज्ञा घुसवेल. मार्गात दोन टिंबं टाकून प्रकल्पाच्या फोल्डराबाहेर जाता येता कामा नये. फाईल उघडायची, बास. चालवायचं काहीही नाही.

नदीकाठ
स्कीमचं नाव देवनागरीत ठेवता येईल का? नोंदवही मराठीत, तर लिंकही मराठीत शोभेल.

धुरेकरी
नाही. २००५ च्या आरएफसी ३९८६ प्रमाणे स्कीमचं पहिलं अक्षर रोमनच, पुढे रोमन अक्षरं, अंक, अधिक, वजा आणि टिंब. पुढच्या मार्गात मराठी चालतं, टक्क्याच्या खुणांत बदलून.

आता मालकाच्या नावाबद्दल. फ्रान्सच्या इनरियाने २०१६ मध्ये सॉफ्टवेअर हेरिटेज हे संग्रहालय जाहीर केलं. त्यांची ओळखखूण, एसडब्ल्यूएचआयडी, २०२५ मध्ये आयएसओ/आयईसी १८६७० हे मानक झाली. फाईलच्या मजकुरावरून निघालेला हॅश, म्हणजे अक्षर-अंकांचा ठसा, हाच तिचा पत्ता. त्यात ना मालक, ना डोमेन. हा हॅश गिट स्वतः फाईलसाठी काढतं तोच असल्याने टॉवर नसतानाही गिट कॅट-फाईल या आज्ञेने तुमच्याच डिस्कवरून मजकूर निघतो. कोड त्यांच्याकडे जमा नसला तरी हॅश तोच. मागे अर्धविराम देऊन मार्ग आणि ओळीही लिहिता येतात. हे तयार असताना नवं कशाला?

वावरातला_प्रोग्रामर
रात्री लाईन नसताना करून पाहिलं. चालतं. तेवढ्यापुरती माघार घेतो. कोणी डिसेंबरची पावती घेऊन आला की त्या दिवशीचा नियम दाखवता आला पाहिजे, त्याला हाच पत्ता वापरीन.

पण नोंदवहीतला निम्मा प्रश्न वेगळा आहे: आज नियम कुठे आहे? आम्ही सीसीआयसारखीच (भारतीय कापूस महामंडळ) ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की कपात धरतो, १२ च्या वर माल घेत नाही. उद्या कंपनीच्या सभेत हे बदललं तर मला आजची जागा हवी. हॅश मला जुन्याच मजकुराकडे नेणार. आणि ४० अक्षरांच्या हॅशवरून पोराला काय कळेल? "ओलावा कपात" वाचून कळतं.

धुरेकरी
आजची जागा हवी म्हणून पत्त्यातून कमिट काढून टाकलं की तो पत्ता राहत नाही, शोध होतो. फंक्शनचं नाव बदललं की लिंक तुटली. एकाच नावाची दोन निघाली की भलतंच उघडलं, म्हणजे मागच्या हंगामातलीच चूक. त्यापेक्षा कोडातच कमेंटमध्ये खूण लिहा, "खूण: ओलावा-कपात", आणि ग्रेप करा, म्हणजे सगळ्या फाईलींत ती शोधा. स्कीम लागत नाही.

पऱ्हाटी
हे पटलं. धुऱ्यावर गोटा गाडतो तसंच हाय हे. ओळी खालीवर झाल्या तरी गोटा जागचा हालत नाई, आन फाईल फोडली तं तो ज्या तुकड्यात गेला तिकडच सापडते.

वावरातला_प्रोग्रामर
खूण मान्य, फंक्शनचं नाव सोडलं. स्कीम सोडत नाही. रात्री अकराला पावत्या जुळवणारा पोरगा ग्रेपची आज्ञा आठवत बसणार नाही, तो क्लिकच करणार. स्कीममध्ये दोनच प्रकार ठेवतो, खूण आणि हॅश. खूण दोन ठिकाणी सापडली तर एकही फाईल उघडायची नाही, दोन्ही जागा समोर मांडायच्या. नाव कंपनीच्या उलट्या डोमेनवरून घेतो. राखणदार, स्क्रिप्ट साठेक ओळींची आहे. उद्या इथे टाकतो. तुमची नजर फिरल्याशिवाय बाकी तिघांच्या मशीनवर चढवणार नाही.