ग्रामसभेला गेल्यानं गावाची तब्येत सुधारते का? खरं खरं सांगा

वेताळमाळ
नमस्कार मंडळी. मी नोकरीमुळे पिंपरीला असतो, घर गावी, वस्ती अडीच हजाराच्या आसपास. यंदा पाऊस सुरू झाला आणि गावात जुलाब-उलट्यांची साथ आली, आमच्या आळीत तर घरटी एकजण सलाईनवर, आईलाही ॲडमिट करावं लागलं. आता वहिनी मागं लागलीये की 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला ये आणि पाण्याचं विचार. मी म्हटलं अगं ग्रामसभेत काय होतं ते माहितीये की, कोरम नाही म्हणून तहकूब, तहकूब सभेला कोरम लागतच नाही, मग दहाबारा टाळकी, चहा, आणि सह्यांचं रजिस्टर नंतर घरोघर फिरतं.
तर विचारायचं असं की लोकांनी सभेला जाणं, समितीवर बसणं याचा आणि आजारपणाचा खरंच काही संबंध असतो का, की नुसतं मनाचं समाधान? मला तर वाटतं घरी फिल्टर बसवावा आणि मोकळं व्हावं.

चांदणपाखरू
मी आशा गटप्रवर्तक आहे त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.
फिल्टर बसवा, पण आई शेजारी हळदीकुंकवाला जाते तिथलं पाणी पिणारच ना, आणि अंगणवाडीतली पोरं? साथ बहुतेक वेळा कुठून येते सांगू का, व्हॉल्व्हच्या खड्ड्यातून. खड्ड्यात गटाराचं पाणी साचतं, सप्लाय बंद झाला की पाइप रिकामा होताना गळक्या जागेतून तेच आत ओढतो, दुसऱ्या दिवशी पहिली हंडी भरली की घरात आलं. जलसुरक्षक टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो म्हणतात, पण पोतं ओल्यात उघडं पडलेलं असेल तर त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. पावडरीत 20 टक्क्यांच्या खाली क्लोरीन असेल तर ती टाकली काय न टाकली काय. म्हणून रोज ओटी टेस्ट करायची, म्हणजे पाण्यात ओटीचे थेंब टाकून क्लोरीन आहे का बघायचं, तीही टाकीजवळ नाही, लाइनीच्या शेवटच्या नळावर. पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचलाय, नाही आला तर नाही.
आता हे रोज तपासायला तालुक्याहून कोण येणार सांगा. माझ्या भागात एका गावात बचतगटाच्या बायकांनी नुसतं एवढंच धरलं, रोज शेवटच्या नळावर बघायचं आणि नाही आलं की सरपंचांच्या दारात. पाण्याच्या तपासणीत गावाला धोक्याप्रमाणे लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं, पुढच्या तपासणीला त्या गावाचं पिवळं कार्ड हिरवं झालं. सभेत भाषण एकीनंही केलं नाही.

खडूस_काका
चांदणपाखरू ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहेच पण धागाकर्त्याचा प्रश्न बरोबर आहे. उदाहरण द्यायचं म्हटलं की सगळे हिवरे बाजारला पळतात, तशी गावं किती? जिथं मुळातच एकी आहे, भांडणं कमी, थोडा पैसा आहे, तिथं लोक सभेलाही येतात आणि आजारीही कमी पडतात. मग सभेमुळे तब्येत सुधारली असं कसं म्हणायचं? आणि समित्या म्हणाल तर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती हे नाव एका दमात घेऊन दाखवा, आमच्या गावात ती आहे हे समितीच्या सदस्यांनाच माहीत नव्हतं. समितीनं स्वतः ठरवून खर्चायच्या अबंधित निधीचे 10 हजार यायचे, त्यातून एका वर्षी खुर्च्या घेतल्या. खुर्च्या चांगल्या आहेत.

धानोऱ्याचा_पोऱ्या
काका हसलो खुर्च्यांवर 😀 पण एकी असलेलं गाव मुळातच बरं असतं, हा मुद्दा आमच्या गडचिरोलीत चालत नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नव्वदच्या दशकात 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळाचं वजन करा, ऊब द्या, जंतुसंसर्ग ओळखा, वेळ पडली तर इंजेक्शन द्या. आणि शेजारची तशीच गावं तुलनेला घेतली, म्हणजे तुमची शंका आधीच धरलेली. 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं, तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. याच जिल्ह्यात लोकांनी आंदोलन करून 1993 मध्ये दारूबंदी आणली. ती आजही कागदावर आहे आणि चोरून दारूही आहे, ते नाकारत नाही, पण ज्या गावात बाया उठतात तिथं विक्री थांबते हे डोळ्यांनी बघितलंय.
फरक एवढाच की नुसतं बोलावून बसवलं नाही, कोणी काय करायचं ते हातात दिलं.

तिसरा_मजला
शहरातलं सांगू का, डेंगीचा एडिस डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस घेतो म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, साठलेलं सगळं पाणी ओतून टाकायचं. आमच्या सोसायटीत सगळे करायचे, एक बंद फ्लॅट सोडून. त्याच्या बाल्कनीतल्या कुंड्यांनी अख्ख्या विंगेला ताप दिला. मीटिंगला भांडण झालं तेव्हाच मालकानं किल्ली ठेवायला दिली.

निवृत्त_ग्रामसेवक
वेताळमाळ, जा सभेला, पण पाणी खराब आहे असं ओरडू नका, त्याला 'बघतो' हे उत्तर ठरलेलं असतं. लेखी विचारा: टीसीएल शेवटचं कधी खरेदी केलं, किती किलो, ओटीचं रजिस्टर दाखवा, गावाला कार्ड कुठलं मिळालंय, लाल, पिवळं की हिरवं. याला रजिस्टर लागतं, गोड बोलून चालत नाही. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला होता, त्यातून व्हॉल्व्हचे खड्डे बांधले का तेही विचारा. सांगतील ते प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहून घ्यायला लावा आणि सही करायच्या आधी वाचा. (आम्ही काय काय लिहायचो ते इथं नको.) आणि ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, वहिनींनी तिथंच ठराव घेतला तर तुमची रजा वाचेल.

खडूस_काका
प्रोसिडिंग वाचायचं हे पटलं. 62 टक्केवाल्या गावांचंही. पण तिथं बंगांसारखे डॉक्टर पाठीशी होते हे विसरू नका, नुसत्या ग्रामसेवकाच्या भरवशावर होईल का?

चांदणपाखरू
काका, डॉक्टर सगळीकडे नसतात म्हणून तर 2007 पासून आपल्याकडे सरकारी आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू केली ना, अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे, उस्मानाबाद. जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर लोक उभे राहून विचारायचे, औषध बाहेरून का आणायला लावलं, नर्सबाईची जागा का रिकामी. काही ठिकाणी लगेच हललं, काही ठिकाणी वर्षानुवर्षं तेच.

वेताळमाळ
सगळं वहिनीला पाठवलं. ती म्हणते तू नाही आलास तरी चालेल, ओटीची बाटली कुठं मिळते तेवढं विचार.

चांदणपाखरू
ग्रामपंचायतीत असायलाच पाहिजे. नसेल तर तोच पहिला प्रश्न.