दातांच्या दवाखान्यात बोटॉक्स: उपचार की धंदा?

तापीकाठ (भुसावळ): आमच्याकडे आता दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर रूट कॅनालच्या खाली बोटॉक्स हे स्नायू सैल करणारं इंजेक्शनही दिसू लागलंय. झोपेत दात खाणाऱ्याच्या जबड्यात ते टोचलं तर उपचार. लग्नाआधी चेहरा निमुळता करायला टोचलं तर निव्वळ धंदा. दंतवैद्यांनी दातांचं बघावं.

केळीबाग (रावेर): दादा, सुई दोन्ही वेळा त्याच मॅसेटर, म्हणजे चावायच्या स्नायूत जाते. तो सैल पडला की ठणका कमी होतो आणि जबडाही बारीक दिसतो. मग अर्धी सुई उपचाराची आणि अर्धी धंद्याची का? हसताना वरच्या हिरड्या दिसतात म्हणून फोटोत तोंड मिटून बसणाऱ्या मुली पाहिल्यात का कधी? वरचा ओठ ओढणाऱ्या स्नायूत थोडं औषध दिलं तर काहींचं ऑपरेशन टळतं.

दाढदुखी (धुळे, दंतवैद्य): दोघांनाही थोडं टोचतो. अमेरिकेत या औषधाला १९८९ मध्ये पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठी ती २००२ मध्ये आली. दात खाण्यासाठी तिथे मान्यता नाहीच, हिरड्यांसाठीही नाही. डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर वापरतात. तेव्हा तापीकाठ, उपचार आणि धंद्यामधली तुमची रेघ इथेच पुसली जाते.

नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटणं हे औषध अडवतं, स्नायूला आवळण्याचा निरोप मिळत नाही. पण दात खाण्याचा हुकूम सुटतो मेंदूतून. सुईने चावण्याचा जोर उतरतो, सवय जात नाही. म्हणून मी आधी नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं कवच देतो. सुईचा असर तीन-चार महिनेच, आणि पहिले काही आठवडे कळण्याची भाकरी चावतानाही जबडा थकू शकतो. जागा चुकली तर हसू वाकडं. गरोदर बाई किंवा मायस्थेनिया ग्रेव्हिसचा (स्नायू दुबळे पडण्याच्या आजाराचा) रुग्ण असेल तर सुई नाहीच. वारंवार घेणाऱ्यांनी हेही ऐकावं: प्राण्यांवरच्या प्रयोगांत जबड्याचं हाड विरळ झालेलं दिसलंय.

शेवभाजी: भो, मन्हा दोस्तनं तोंड गुटखामुये उघडत नही. हाई सुई टोचीसन उघडी का?

दाढदुखी: नही भाऊ. तिथे स्नायू आखडलेला नसतो, गालाच्या आतल्या अस्तरात कडक पट्टे तयार होतात. त्यावर हा इलाज नव्हे. गुटखा आजच बंद, आणि या आठवड्यात तोंड तपासून घ्यायला लाव. त्यातून कॅन्सर होऊ शकतो.

तापीकाठ: बरं, रेघ पुसली. पण नवरीसाठी ‘पॅकेज’ लावतात त्याचं काय?

केळीबाग: मग पॅकेजवर लिहा ना, औषधावर राग कशाला? पैसे तिचे, चेहरा तिचा.

तापीकाठ: तिचाच. पण लग्नानंतर चार महिन्यांत जबडा पुन्हा भरू लागेल, परत सुई आणि परत पैसे, हे पॅकेज विकताना तिला कोणी सांगतं का, तेवढंच विचारतोय.